गर्भांतील मस्तकाची घडण

एका सूक्ष्म पेशीपासून प्राण्याचें सबंध शरीर निर्माण होतें. तिच्यापासून झालेल्या अमुक पेशींचा मेंदू व्हावा आणि तमुक पेशींची त्वचा, हें ठरवितें कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचा धागा १९२४ सालीं जर्मनींत हातीं आला. हान्स श्पेमान आणि त्यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनीं न्यूट या बेडकाच्या वर्गांतील शेपटीच्या प्राण्यावर प्रयोग केले. एका गर्भांतील चिमुकला तुकडा कापून त्यांनीं तो दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील बाजूस बसविला. तेथें मज्जारज्जूसह दुसरा जोडगर्भ वाढूं लागला! या तुकड्यास ‘संयोजक’ म्हणतात.

हा संयोजक ‘मेंदू व्हा’ अशी आज्ञा देतो काय? तसें नाहीं. गर्भाच्या बाह्यस्तरांतील पेशींना ‘त्वचा व्हा’ असा निरोप सतत मिळत असतो. संयोजकांतून निघणारीं नॉगिन व कॉर्डिन हीं प्रथिनें तो निरोप वाटेंतच अडवितात. वाऱ्यास आडोसा केला म्हणजे ज्योत आपली आपण स्थिर जळते, तसाच हा प्रकार आहे. हीं दोन्ही प्रथिनें ज्या उंदरांत नसतात, त्यांचा पुढचा मेंदू घडतच नाहीं.

सस्तन प्राण्यांत आणखी एक आडोसा असतो. उंदराच्या गर्भांत सहाव्या दिवसाच्या सुमारास बाहेरील आवरणाचा एक लहानसा भाग मस्तकाची जागा राखूं लागतो. त्यांतून सर्बेरस, डिककॉफ इत्यादि प्रथिनें स्रवतात व ‘मागचें शरीर व्हा’ हा निरोप तेथवर पोंचूं देत नाहींत. स्वतः हा भाग मेंदूंत कधींच सामील होत नाहीं. १९९६ सालीं लंडनमध्यें पॉल थॉमस व रोझा बेडिंग्टन यांनीं तो काढून पाहिला, तेव्हां पुढच्या मेंदूचीं लक्षणें उणीं पडलीं. त्याच्या आदल्या वर्षीं टेक्सासमध्यें ‘लिम-१’ हें एकच जनुक निकामी केलेल्या उंदरांपैकीं कांहीं पूर्ण दिवसांपर्यंत वाढले. त्यांना धड होतें, पाय होते; शिर मात्र नव्हतें.

मनुष्याचा गर्भहि याच जातीच्या जनुकांवर अवलंबून असतो. ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकांत दोष आल्यास पुढच्या मेंदूचे दोन भाग नीट वेगळे होत नाहींत. एकाच कुटुंबांत हा दोष एका मुलास घातक होतो, तर दुसरें जवळजवळ निरोगी राहतें.

मेंदू व मज्जारज्जू यांची नळी गर्भधारणेपासून सुमारें २८ दिवसांत मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोंवर दिवस गेल्याचें कळलेलेंहि नसतें. ती उघडी राहणें हा वेगळा दोष होय, आणि त्यावर मात्र कांहीं उपाय आहे. पूर्वीं असें मूल झालेल्या मातांनीं गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक ॲसिड घेतलें असतां दोषाचा धोका ७२ टक्क्यांनीं घटतो, असें ब्रिटनमधील वैद्यक संशोधन मंडळाच्या १९९१ सालच्या चांचणींत दिसून आलें.

तेव्हां सदोष मूल जन्मल्यावर, आईनें ग्रहणांत सुरी हातीं धरली होती काय, ही चौकशी व्यर्थ होय. घरच्यांनीं चौकशी करावयाची ती आधीं करावी: डॉक्टरांच्या सल्ल्यानें ती गोळी वेळेवर सुरू झाली आहे ना?