आधी माती, मग बटणं

लालबागच्या राजाच्या रांगेत, नाहीतर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात मेटल डिटेक्टर परळकराला नेहमीच भेटतो. त्या चौकटीला एवढंच कळतं, की अंगावर धातू आहे किंवा नाही. खिशात किल्ल्या आहेत की कमरेला पट्टा, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. छंदाचा डिटेक्टर ही जातच वेगळी. माझ्याकडचं इक्विनॉक्स ८०० घ्या. पार्क, फील्ड, बीच आणि गोल्ड असे चार मोड, प्रत्येकाचे दोन प्रकार. संवेदनशीलता १ ते २५. आवाज हवे तर एका सुरात, हवे तर पन्नास सुरांत. शिवाय पडद्यावर उणे ९ ते ४० असा आकडा सतत नाचत असतो. पुस्तिका वाचूनच माणूस दमतो. माझं मत असं की या पुस्तिका उलट्या क्रमानं लिहिलेल्या असतात. प्रत्येक बटण हे जमिनीनं घातलेल्या एखाद्या कोड्याचं उत्तर असतं. कोडं कळलं की बटण आपोआप कळतं. आणि कोडी घालण्यात मुंबईच्या जमिनीचा हात कुणी धरणार नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं असं यंत्र आणलं होतं, पण बिछान्याच्या स्प्रिंगांनी घोळ केला. गेऱ्हार्ड फिशरनं अमेरिकेत पेटंट मिळवलं ते १९३७ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं बनवलेलं यंत्र ब्रिटिश फौजेनं एल अलामेनला सुरुंग शोधायला वापरलं. छंदाची यंत्रं नंतर आली. झालं.

आता मुद्द्याचं. यंत्राच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, उलटसुलट वाहणारा प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो. धातूच्या तुकड्यात त्यामुळे छोटे भोवरी प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं क्षेत्र दुसऱ्या कॉइलमध्ये परत येतं. येताना ते जरा मागे पडलेलं असतं. चांदी किंवा तांब्याचं बरंच मागे, पातळ वर्खाचं कमी. पडद्यावरचा आकडा म्हणजे ही पिछाडी. वस्तू कोणती, हे यंत्राला ठाऊक नसतं.

गंमत अशी की जमीनही उत्तर देते. मुंबईच्या पोटात बेसॉल्ट, आपला काळा कातळ, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज. त्यावरून कॉइल फिरली की काहीही पुरलेलं नसताना यंत्र कुरकुरतं. त्यात परळ हे एके काळचं बेट. मधली खाजणं बुजवून ते शेजारच्या बेटांना जोडलं गेलं. आमच्या भागात एका चाळीच्या पुनर्विकासासाठी खणलेल्या खड्ड्याची कड मी निरखून पाहिली आहे. वर डांबर आणि खडी, खाली काळी राख, तिच्यात विटांचे नि मंगलोरी कौलांचे तुकडे, मग पिवळा मुरूम आणि तळाशी शिंपल्यांसकट करडा चिखल. यातली वीट आणि कौल फार लबाड. भट्टीत भाजताना मातीतलं लोह चुंबकीय होतं, त्यामुळे कौलाच्या चिमूटभर तुकड्यावरही यंत्र फसतं.

या कोड्याचं उत्तर म्हणजे ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली जागा निवडायची, बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीजवळून वीतभर उंचीपर्यंत संथपणे वर-खाली करायची. यंत्र मातीचा आवाज ओळखून तो वजा करतं. पाच-दहा पावलांवर भरणी बदलली की पुन्हा तेच. तबलजी गाण्याच्या मध्येच हातोडीनं तबला लावून घेतो, तसंच हे. नवशिके नेमका याच गोष्टीचा कंटाळा करतात.

समुद्रावर मामला आणखी बिकट. गिरगाव चौपाटीवर ओहोटीला वाळूत काळसर पट्टे दिसतात. ती जड खनिजांची रेती. वर खारं पाणी, तेही वीज वाहून नेणारं. एकाच फ्रीक्वेन्सीचं यंत्र काळ्या रेतीला गप्प करतं तेव्हा मीठ बोलू लागतं, मिठाला गप्प करावं तर रेती. दोघांना एकदम आवरायचं तर एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी लागतात. बीच मोड असतो तो यासाठी. आणि मौज अशी की लाटा जड वस्तू जिथे गोळा करतात तिथेच जड रेतीही साठते. म्हणजे यंत्र सगळ्यात जास्त कुरकुरतं ती जागाच अंगठी सापडण्याची. जायचं तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी लांब जातं, भांगाच्या दिवसांत फारशी वाळू उघडी पडत नाही.

अनंत चतुर्दशीनंतर तिथेच एक पोरगा भेटला. दोरीला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधून तो ते वाळूतून ओढत होता. "काका, ही मशीन दिवसाला किती काढते?" त्यानं विचारलं आणि मूठ उघडून दाखवली. मुठीत स्टीलचे रुपये, दोन तारा, एक गंजका खिळा. त्याची कमाई माझ्यापेक्षा सरस होती, आणि त्याचं कारण नाण्यांच्या धातूत आहे. आपली स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. माझ्या यंत्राला ती लोखंडाच्या पंगतीतली वाटतात. उलट १९४० च्या आधीचा चांदीचा रुपया, ज्यात जवळपास ९२ टक्के चांदी, तो घंटेसारखा वाजतो. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा आणि आपल्या लहानपणीची अॅल्युमिनियमची नाणी त्याच्या खाली. सोन्याची नाजूक अंगठी आणखी खाली, थेट चॉकलेटच्या वर्खाशेजारी. त्यामुळे कचरा नको म्हणून वर्खाचे आकडे बंद केले, की सोनंही बंद. माझं यंत्र सगळे आवाज उघडे ठेवूनच चालतं. एकाच जागेवरून दोन दिशांनी कॉइल फिरवायची. दोन्हीकडून सूर सारखा आला तर खणावं. वाकडा खिळा एका बाजूनं चांदीसारखा गातो, दुसऱ्या बाजूनं घसा बसल्यासारखा.

सराव घरात होत नाही. स्लॅबमध्ये सळ्या असतात. गच्चीवर जावं तर परळ आणि प्रभादेवी या दोन्ही स्टेशनांच्या तारांत २५ हजार व्होल्ट. त्यांचा गोंगाट टाळायला नॉइज कॅन्सल, म्हणजे शांत वाहिनी शोधून देणारं बटण. मी सराव केला गावी, सिंधुदुर्गात, अंगणात नाणी पुरून. जांभ्याच्या लाल मातीत लोह इतकं, की संवेदनशीलता बरीच उतरवल्यावरच नाण्याचा आवाज नीट आला. आवाज वाढवून ऐकू येतं असं नाही, हे तिथे कळतं. शेजारच्या काकूंनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. "गुप्तधन शोधतंस काय रे?"

मुंबईत गुप्तधन म्हटलं की गोदीचा स्फोट आठवतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज उडालं. त्यात दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही. एकेक वीट जवळपास पावणेतेरा किलोची. त्यातली एक दूरवर एका पारशी गृहस्थाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारला परत केली. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षांनीही विटा निघाल्या. हे ऐकून यंत्र घ्यायला निघालेल्यांना सांगतो, आपलं यंत्र नाणं वीतभर खोलीवर ओळखतं, फार तर थोडं अधिक. गोदीचा गाळ त्याच्या आवाक्यातला नाही.

परळचं सगळ्यात मोठं सापडणं तर डिटेक्टरला कळलंच नसतं. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात निघालेलं परळचं शिवशिल्प, दीड हजार वर्षांच्या घरातलं, आज बारादेवीच्या मंदिरात आहे. ते दगडाचं. धातूच्या नादानं जुन्या जागी खड्डा खणणारा माणूस दगड, खापर, थरांचा क्रम, सगळं उधळतो. म्हणून गड-किल्ल्यांवर हे यंत्र नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय उत्खनन हा गुन्हा आहेच. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मर्यादा आजही १० रुपयेच.

तरीही यंत्र घेणार असाल तर पहिल्या महिन्यात पडद्यावर कागद चिकटवा. एकच मोड, एकच जागा आणि जागेच्या मालकाची परवानगी. खिळा, वर्ख आणि जुनं नाणं वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि नुसतं ऐका. तिघांचे आवाज डोळे मिटून ओळखता आले, की कागद काढा. मग आकडाही कामाला येतो.