एका पेटीतील चार सेवक

घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेली इंटरनेटची पेटी आता अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. कोणी तिला मोडेम म्हणतो, कोणी राउटर, तर कोणी नुसते वायफाय. नावांचा हा घोटाळा वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु पेटी बंद पडली की दोष कोठे आहे हे सांगता येत नाही, आणि दुकानात गेल्यावर हवे ते सोडून भलतेच विकत घेतले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या घरातील निरोप कोणाकोणाच्या कानी पडू शकतात याचीही आपणांस कल्पना राहत नाही. यास्तव या उपकरणांतील भेद जाणणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम नव्हे. ते गृहस्थाचेही आहे.

संगणक एकमेकांस मजकूर पाठवितात तो अखंड नव्हे, तर लहान लहान तुकडे करून. अशा प्रत्येक तुकड्यावर, टपालाच्या पाकिटावर असावा तसा, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. हे पाकीट हाती आल्यावर उपकरण त्यावरील कोणता पत्ता वाचते आणि कितपत वाचते, एवढे ध्यानात घेतले की सारा भेद उलगडतो.

प्रथम हबचा विचार करू. हा पत्ता मुळीच वाचत नाही. एका तारेतून आलेला संदेश तो उरलेल्या सर्व तारांवर जसाच्या तसा सोडून देतो. गावात दवंडी पिटावी, निरोप एकाच्या नावाचा असावा आणि ऐकावा साऱ्या गावाने, असा हा प्रकार होय. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचेही बोलणे वाया जाते व पुन्हा प्रारंभ करावा लागतो. शिवाय ज्याला चोरून ऐकावयाचे असेल त्याला काहीच श्रम पडत नाहीत.

हा दोष स्विचने दूर केला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. तो वाचून, कोणते यंत्र कोणत्या तारेला जोडले आहे याची नोंद स्विच स्वतःच करून ठेवतो, आणि पुढे ज्याचे पाकीट त्यालाच पोचवितो. पत्ता अनोळखी असला तरच तो एकवार सर्वांकडे विचारणा करतो. गल्लीतील प्रत्येक घर ओळखणारा जुना पोस्टमनच म्हणा ना! अमेरिकेतील ज्या कंपनीने १९९० साली सात जोडण्यांचा स्विच बाजारात आणून हा मार्ग रूढ केला, तिचे नाव ‘कल्पना’ असे होते. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे गृहस्थ तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९४ साली ती कंपनी सिस्कोने विकत घेतली. पुढे स्विच स्वस्त झाले आणि हब मागे पडला.

तथापि पोस्टमनला आपली गल्ली ठाऊक असते, परगाव नव्हे. तेथे राउटर लागतो. हा गावाच्या वेशीवर उभा असतो. यंत्राच्या कारखानी पत्त्यावर न थांबता तो पाकिटाचा दूरचा, म्हणजे आयपी पत्ता वाचतो आणि ते कोणत्या वाटेने पुढे धाडावयाचे ते ठरवितो. १९६९ साली अमेरिकेच्या अर्पानेट जाळ्यात प्रथम बसविलेली ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’ ही यंत्रे त्याचे पूर्वज होत. घरातील राउटर आणखी एक काम करतो : घरातल्या सर्व यंत्रांना तो बहुधा एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतो व आलेले उत्तर ज्याचे त्याला वाटून देतो.

मोडेम हा या सर्वांहून वेगळा. तो दुभाषा आहे. संगणकाची अंकांची भाषा तो टेलिफोनच्या तारेला मानवेल अशा लहरींत बदलतो आणि तिकडून आलेल्या लहरी पुन्हा अंकांत आणतो. काचतंतूच्या जोडणीत हेच काम प्रकाशाच्या साहाय्याने करणाऱ्या यंत्रास ओएनटी म्हणतात; लोक मात्र त्यालाही मोडेमच म्हणतात.

राहिला ॲक्सेस पॉइंट. ज्याला आपण वायफाय म्हणतो ते याचे काम. तारेवरचे संदेश तो हवेत सोडतो व हवेतले तारेवर घेतो. येथे एक गोष्ट विसरू नये. हवा ही सर्वांची सामायिक. तेथे एका वेळी एकानेच बोलावयाचे असते, आणि लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. हब गेला, परंतु त्याचा स्वभाव हवेत उरला आहे! म्हणूनच वायफायला भक्कम परवलीचा शब्द हवा. तो नसेल तर शेजारच्या जिन्यातही आपली दवंडी ऐकू जाईल.

आपल्या घरातील पेटीत राउटर, स्विच व ॲक्सेस पॉइंट हे तिघे बहुधा एकत्र नांदतात. अनेकदा मोडेमही त्यांतच असतो. हे ओळखले की व्यवहार सोपा होतो. तारेने जोडावयाची यंत्रे वाढली तर स्विच घ्यावा. मागच्या खोलीत वायफाय पोचत नसेल तर ॲक्सेस पॉइंट घ्यावा. तेथे दुसरा राउटर तसाच जोडला तर घरात दोन वेशी उभ्या राहतात, आणि एका खोलीतील संगणकाला दुसऱ्या खोलीतील प्रिंटर सापडेनासा होतो.

जोडणी बंद पडली तर आधी घरातल्या घरात छपाई होते का ते पाहावे. होत असेल, तर घरचे जाळे ठीक आहे; शोध वेशीपाशी वा वेशीबाहेर घ्यावयाचा. ओएनटीवर ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. अशा वेळी नवा राउटर आणून उपयोग नाही, कंपनीलाच कळवावे.

आणि वाचकहो, एक काम आजच उरकून घ्यावे. वायफायचा परवलीचा शब्द निराळा आणि राउटरची व्यवस्था पाहण्याचा निराळा. पहिला अनेकजण बदलतात; दुसरा पुष्कळदा पेटीबरोबर आला तसाच राहतो. घराला कुलूप लावून वेशीची किल्ली दारातच टांगून ठेवावी, तसे हे होय. ती किल्ली आपल्या हाती घ्यावी.