हसणाऱ्या चौघीजणी

नोकरी करणारी बाई, तिचे वाढते वजन, तिचा बिनकामाचा मित्र, लग्नासाठी आईने लावलेला धोशा आणि या सगळ्यावर तिने स्वतःचीच उडवलेली टर. यात साहित्य ते काय, असा विद्वान समीक्षकांचा सवाल असतो. इंग्लंडातही 2001 साली बेरिल बेनब्रिज यांच्यासारख्या नामवंत लेखिकेने अशा कादंबऱ्यांना नुसता फेस ठरवून निकालात काढले होते. तरीही बायका त्या वाचतच राहिल्या. बायकांची अभिरुची हलकी म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही.

या प्रकाराचा इतिहास बहुतेक ब्रिजेट जोन्सपासून सांगितला जातो. हेलन फिल्डिंग यांनी 1995 साली लंडनच्या 'इंडिपेंडंट' दैनिकात ब्रिजेटची रोजनिशी सदर म्हणून सुरू केली आणि 1996 साली तिचे पुस्तक झाले. वजन, सिगारेटी आणि दारूचा हिशेब रोज मांडणारी ही गोरी मध्यमवर्गीय बाई खरोखर हसवते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच्या चार वर्षे आधी, 1992 साली, अमेरिकेत टेरी मॅकमिलन या काळ्या लेखिकेची 'वेटिंग टू एक्सहेल' आली होती आणि तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या होत्या. मग इतिहासात तिचे नाव मागाहून का येते?

मॅकमिलन यांचा जन्म 1951 सालचा, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन गावचा. कष्ट करून आईने पाच मुले वाढवली. पोरवयात टेरी वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम करत होत्या. तिथे जेम्स बाल्डविन यांचे पुस्तक हाती आले आणि काळी माणसेही पुस्तके लिहितात हे त्यांना प्रथमच कळले! 1987 साली त्यांची पहिली कादंबरी 'मामा' निघाली. प्रकाशकाने जाहिरातीसाठी फारसे काही केले नाही. तेव्हा या बाईने स्वतः दुकानांना आणि महाविद्यालयांना तीन हजारांवर पत्रे लिहिली, गावोगाव जाऊन वाचन केले आणि पुस्तक खपवून दाखवले. काळे लोक पुस्तके विकत घेत नाहीत, ही समजूत अशी मोडली.

'एक्सहेल'मध्ये फिनिक्स शहरातल्या चार मैत्रिणी आहेत. बर्नाडिनचा नवरा गोऱ्या बाईसाठी तिला सोडतो, तर ही त्याच्या वस्तू एकेक डॉलरला फुंकून टाकते. ग्लोरियाचे स्वतःचे केशकर्तनालय आहे. रॉबिनला दर वेळी चुकीचाच पुरुष भेटतो. सव्हाना नव्या नोकरीसाठी शहर बदलून आलेली. गोऱ्यांच्या पुस्तकांत काळी बाई यायची ती बहुधा गुलाम, मोलकरीण नाहीतर सोसणारी म्हणून. इथे ती पगार मिळवते, फसते, शिव्या देते आणि मैत्रिणींसोबत पोट धरून हसते. तिच्यावरचा अन्याय संपला आहे असे नव्हे. पण तिची सगळी ओळख अन्यायातच संपत नाही. वाचणाऱ्या बाईला हे आपलेच वाटले.

काळ्या पुरुषांची बदनामी झाली, अशी ओरडही झाली. त्यातले काही पुरुष फारच पातळ रेखाटले आहेत, हे खरे. पण घरातले गाऱ्हाणे बाईने चारचौघांत मांडले की समाजाची अब्रू गेली असे म्हणायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

1972 साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. काळ्यांचा संताप आपण वाचला. त्यांच्या बायकांचे हसू मात्र फारसे इकडे आले नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (2003) स्वतःकडे मिश्कील नजरेने पाहणे आहे आणि वाचकांना ते भावले. आज आपल्या मुली बँकेत आहेत, संगणकाच्या कंपन्यांत आहेत. भाड्याची खोली शोधताना आडनावाची चौकशी होते, स्थळ बघताना रंगाची, आणि रात्री त्या एकमेकींना फोन करून घरमालकिणीची हुबेहूब नक्कल करतात. ती नक्कल अजून फोनवरच राहिली आहे. ती लिहायला कोण बसणार आहे?