बंद घरातले पाणी

जानेवारी २०२३ मधल्या एका शनिवारी सकाळी आम्ही मिसिसागाहून निघालो, तेव्हा गाडीत सामोसे होते, मुलांची बर्फावरची घसरगाडी होती आणि अम्मीसाठी घेतलेली नवी रजई होती. अम्मी मार्चमध्ये रत्नागिरीहून पहिल्यांदाच कॅनडाला येणार होत्या. टोरोंटोच्या उत्तरेला मस्कोका नावाचा तळ्यांचा मुलूख आहे. तिथे आम्ही आणि भाईजानांनी मिळून सुट्टीचे एक लहानसे घर घेतले आहे. अम्मींनी तळ्याकाठी बसून निवांत तसबीह ओढावी, हे आमचे कितीतरी दिवसांचे स्वप्न होते.

दार उघडले आणि पाय गालिच्यावर पडताच पचकन आवाज झाला. आत पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. अम्मीसाठी ठेवलेल्या खोलीचे छत पलंगावर कोसळले होते. भिंती फुगल्या होत्या, लाकडी जमीन उखडून वर आली होती. मुले दारातच गप्प उभी राहिली.

आज तीन वर्षांनी हे लिहितो आहोत, कारण या मासिकाच्या अनेक वाचकांची मुले-मुली थंड देशांत आहेत. शिवाय बंद घर म्हणजे काय, हे आपल्या कोकणात कोणाला वेगळे सांगायला नको.

काय झाले होते

दरवर्षी ऑक्टोबरअखेर आम्ही त्या घराचे सगळे पाणी काढून, पंप बंद करून कुलूप लावत असू. त्या वर्षी मुलांना हिवाळ्यातही जायचे होते. म्हणून हीटर १३ अंशांवर ठेवला आणि पाणी चालूच राहू दिले. नोव्हेंबरमध्ये भाईजान म्हणाले होते, "एकदा जाऊन पाणी बंद करून येऊ." आम्ही म्हणालो, "हीटर चालू आहे, काय होतंय?" जाऊन-येऊन चारशे किलोमीटरचा फेरा वाचला, याचाच आम्हाला आनंद.

२३ डिसेंबर २०२२ ला ओंटारियोत मोठे हिमवादळ आले. ठिकठिकाणी वीज गेली, आमच्या भागातही काही दिवस नव्हती. हीटर विजेवर चालणारा. घर गार पडले, पाइप गोठले. आणि खरा घात झाला तो वीज परत आल्यावर. हीटर सुरू झाला, बर्फ वितळला. विहिरीचा पंपही सुरू झाला आणि फुटलेल्या पाइपातून जवळजवळ तीन आठवडे पाणी ओतत राहिला.

पाइप फुटतो तो कसा

पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे बर्फ पाइपाला आतून ढकलून फोडतो, असेच आम्हाला वाटत होते. प्लंबरने आम्हाला तांब्याचा तुकडा दाखवला. शेंग उकलावी तसा तो उभा फाटला होता. तो म्हणाला, "बहुतेक वेळा जिथे बर्फ असतो तिथे पाइप फुटत नाही."

होते असे. पाइपात एका जागी बर्फाचे बूच बसते. ते वाढत जाते आणि पुढचे पाणी बंद नळाकडे रेटते. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते. त्याचा दाब इतका वाढतो की पाइप कमकुवत जागी फाटतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवायला सांगतात. वाहते पाणी सावकाश गोठते हे खरे, पण मुख्य फायदा हा की नळ उघडा असला की दाबाला वाट मिळते. थेंब वाया गेला तरी अम्मी रागावत, अशा घरात आम्ही वाढलो. नळ टिपकत ठेवणे आमच्या जिवावर येते. पण अशा रात्री ते थेंब घर वाचवतात.

धोका शून्य अंशालाच सुरू होतो असे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झालेल्या अभ्यासात आवरण नसलेल्या पाइपांसाठी बाहेरचे उणे ७ अंशांच्या आसपासचे तापमान ही धोक्याची पातळी मानली गेली. वारा फटीतून आत येत असेल तर त्याआधीही पाइप गोठू शकतो. बाहेरच्या भिंतीतले, माळ्यावरचे आणि जमिनीखालच्या मोकळ्या पोकळीतले पाइप सर्वांत आधी गोठतात. पाइपाला गुंडाळलेले आवरण थंडी उशिरा पोहोचू देते, पण उष्णता निर्माण करत नाही. घर दिवसचे दिवस गार राहिले तर आवरणातला पाइपही गोठतोच.

घर बंद करताना

हिवाळाभर घर रिकामे राहणार असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय एकच : पाइपात पाणीच ठेवू नये. आता आम्ही या क्रमाने काम करतो.

आधी पंपाची वीज आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद. मग गरम पाण्याच्या टाकीची वीज बंद, आणि ती बंद झाल्यावरच टाकी रिकामी. चालू टाकी रिकामी केली तर आतली कॉइल जळते. मग वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे गरम-गार नळ आणि शॉवर उघडायचे आणि सर्वांत खालच्या कॉकमधून पाणी सोडून द्यायचे. पंपाजवळची दाबाची टाकीही रिकामी करायची. संडासाचा फ्लश ओढून टाकीत उरलेले पाणी फडक्याने टिपायचे. कपडे आणि भांडी धुण्याच्या यंत्रांत पाणी राहते, ते विसरायचे नाही. बागेतली नळी काढून ठेवायची. सखल पाइपांत पाणी अडून राहते, म्हणून शेवटी प्लंबरकडून हवेच्या दाबाने पाइप साफ करून घ्यायचे.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात मुद्दाम पाणी ठेवलेले असते, गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून. तेही गोठते. त्यात आणि संडासाच्या भांड्यात नळकामासाठी मिळणारे न गोठणारे गुलाबी द्रव ओतायचे. मोटारीत घालायचे द्रव मात्र कधीही वापरू नये, ते विषारी असते.

हीटर चालू ठेवायचा असेल तर

घरापासून दूर असताना हीटर १३ अंशांच्या खाली नेऊ नये, असे अमेरिकन रेड क्रॉस सांगते. ते आम्ही पाळले होते. पण वीज गेली तर १३ चा आकडा फक्त कागदावर राहतो. म्हणून हीटर चालू असला तरी घर सोडताना मुख्य कॉक आणि पंप बंद करावा. मग पाइप फुटला तरी आत असेल तेवढेच पाणी सांडेल. आमचे घर या एका कॉकने वाचले असते. घरात असताना थंडीची लाट आली, तर बेसिनखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोहोचते.

पाइप गोठलाच तर

नळ उघडला आणि पाणी आले नाही, किंवा नुसती करंगळीएवढी धार आली, तर पाइप गोठला असे समजावे. मुख्य कॉक कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे, कारण पाइप फुटला असेल तर ते बर्फ वितळल्यावरच कळते. नळ उघडा ठेवावा. केस वाळवायचे यंत्र किंवा गरम पाण्यात पिळलेले टॉवेल वापरून नळाच्या बाजूने सुरुवात करावी आणि गोठलेल्या भागाकडे सरकत जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. जमिनीवर पाणी असेल तर विजेचे कोणतेही यंत्र हातात घेऊ नये. स्टोव्ह, मेणबत्ती, गॅसची ज्योत पाइपाजवळ अजिबात नेऊ नये. त्याने घराला आग लागू शकते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची चिल्लई कलां सुरू होते. २०२४ मध्ये नेमक्या त्याच सुमारास श्रीनगरचा पारा उणे ८.५ पर्यंत उतरला होता. हिवाळ्यात तिथे फिरायला जाणाऱ्या कुटुंबांना सकाळी वुजूसाठी नळाला पाणी मिळाले नाही, तर कारण हेच असते. रात्रीच दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

किल्ली कोणाकडे?

विमा कंपनीने आमचा दावा नाकारला. करारात लिहिलेले होते : थंडीच्या दिवसांत घर सलग चार दिवसांहून अधिक रिकामे राहणार असेल तर पाणी बंद करा, नाहीतर कोणाला तरी नियमित पाहणी करायला सांगा. कॅनडातल्या अनेक घरविम्यांत अशी अट असते. आम्ही सही केली होती, वाचले नव्हते. दुरुस्तीत दोन्ही घरांची दोन वर्षांची बचत गेली. भाईजान एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागले. अर्धे घर त्यांचे होते आणि निर्णय आम्ही एकट्यांनी घेतला होता. हे त्यांना तोंडाने सांगायला आम्हाला दोन महिने लागले.

मार्चमध्ये अम्मी आल्या. मिसिसागातच राहिल्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "आपल्या गावच्या घराची किल्ली शेजारी दिलेली असते. ते महिन्यातून एकदा दार उघडतात, दिवा लावून बघतात. इथली किल्ली कोणाकडे होती?"

कोणाकडेच नव्हती. आमच्याच रस्त्यावर एक निवृत्त जोडपे बाराही महिने राहते. दहा वर्षांत आम्ही त्यांना हात हलवण्यापलीकडे ओळखत नव्हतो. आता एक किल्ली त्यांच्याकडे असते. दर ईदला त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जातो आणि वादळानंतर ते आपणहून घर बघून येतात. दाराच्या आतल्या बाजूला बंद करण्याच्या कामांची यादी चिकटवली आहे. कुलूप लावण्याआधी दोघांनी ती वाचायची, एकाने नाही. त्याखाली भाईजानांची आणि आमची सही असते.

यंदा ऑक्टोबरात पाणी काढले तेव्हा अम्मींना फोन केला. त्यांनी आधी किल्लीचेच विचारले.