पास देणारे आले, घेणारे गेले
मैदानाची भूमिती : लेखांक 7

वडखळच्या नाक्यावरून अलिबागचा रस्ता फुटतो. तिथून जवळच, डोलवीला, जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे आणि याच उद्योगसमूहाने 2013 मध्ये बंगळुरू एफसी हा संघ उभा केला. तरीही पेण-रोह्याच्या फुटबॉलवेड्याला इंडियन सुपर लीगमध्ये जवळचा संघ शोधायचा, तर तो अंधेरीत खेळणारा मुंबई सिटीच. 29 मार्च 2025 रोजी हे दोन्ही संघ बाद फेरीत समोरासमोर आले आणि कांतीरवा मैदानावर बंगळुरूने मुंबईला 5-0 असे धुतले. त्या पराभवानंतर मुंबईच्या चाहत्यांचा जो संताप उसळला, तो एकाच दिशेने गेला: पुढच्या खेळाडूंना गोल मारता येत नाहीत आणि मागचे नुसते पास देत बसतात. संताप रास्त आहे. पण दुखणं ना गोल मारणाऱ्याच्या पायात होतं, ना पास देणाऱ्याच्या. ते होतं पास घेणाऱ्यांमध्ये, आणि या लेखांकात तेच आकड्यांनिशी मांडायचं आहे.

आपल्या जिल्ह्याची नजर कबड्डीवर घडलेली आहे. चढाईला जाणारा एकटा जातो. गुण आणला तर कौतुक त्याचं, पकडला गेला तर दोषही त्याचाच. हीच नजर फुटबॉलकडे वळली की ती सहज स्ट्रायकरवर जाऊन थांबते. फुटबॉलमध्ये मात्र गोलाच्या आधीचा क्षण अनेकदा गोलापेक्षा महत्त्वाचा असतो. प्रतिस्पर्ध्याची बचावफळी आणि मधली फळी यांच्यामध्ये साधारण दहा-पंधरा मीटरचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात चेंडू मिळाला आणि घेणाऱ्याचं तोंड गोलकडे असलं, तर बचावपटूंची कोंडी होते: पुढे सरसावावं तर पाठीमागे जागा मोकळी, मागे राहावं तर समोरचा निवांत फटका मारणार. पण त्या पट्ट्यात चेंडू घेणं फार अवघड आहे. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहायचं, शरीर अर्धं वळवून उभं राहायचं आणि पहिल्याच स्पर्शात दिशा बदलायची. ज्याला हे जमत नाही तो चेंडू आला तसा मागे परत देतो. मग तो चेंडू बचावपटूंमध्येच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो, पासांची संख्या वाढते आणि प्रेक्षक वैतागतो. देणाऱ्याने पुढे पास का दिला नाही, असं आपण विचारतो. पुढे तो घेण्याजोग्या जागी कुणी उभं होतं का, हे क्वचितच पाहतो.

आता आकडे पाहू. 2022-23 च्या साखळीत मुंबई सिटीने 20 सामन्यांत 54 गोल केले, म्हणजे सामन्यामागे 2.7. पुढच्या मोसमात 22 सामन्यांत 42, म्हणजे सुमारे 1.9. आणि 2024-25 मध्ये 24 सामन्यांत फक्त 29, म्हणजे जेमतेम 1.2. दोन मोसमांत गोलांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. त्याच काळात संघाने खाल्लेले गोल मात्र 20 सामन्यांत 21 वरून 24 सामन्यांत 28 वर गेले, म्हणजे जवळपास जिथल्या तिथेच राहिले. तेव्हा बचाव कोसळला म्हणून संघ घसरला, हे म्हणणं टिकत नाही. 24 पैकी 9 सामने बरोबरीत सुटले, तेही याच रोगाचं लक्षण. स्ट्रायकर वाईट होता का? निकोस कारेलिसने त्या साखळीत 10 गोल केले, संघाच्या एकूण गोलांच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. उलट 54 गोलांच्या मोसमात होर्हे परेरा दियाझचे 11 आणि लालियानझुआला छांगतेचे 10 होते. उरलेले 33 इतरांकडून आले. स्ट्रायकरचे गोल तेव्हाही जवळपास तेवढेच होते. आटले ते बाकीच्यांचे गोल.

ते का आटले, हे 2024 च्या उन्हाळ्यात संघातून कोण गेलं त्यावरून कळतं. दियाझ, अल्बर्टो नोगेरा आणि राहुल भेके बंगळुरूला गेले. अपुया, म्हणजे लालेंगमाविया राल्ते, मोहन बागानला गेला. ग्रेग स्ट्युअर्ट त्याआधीच मोसमाच्या मध्यात मुंबई सोडून गेला होता आणि पुढे तोही बागानमध्येच दिसला. यातला भेके बचावपटू, त्याला बाजूला ठेवू. बाकीचे चौघे त्या मधल्या पट्ट्याचे मालक होते. स्ट्युअर्ट आघाडीतून खाली उतरून चेंडू घ्यायचा, नोगेरा दोन फळ्यांच्या बेचक्यात उभा राहायचा, दियाझ स्ट्रायकर असूनही एका बचावपटूला बरोबर ओढत खाली यायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत छांगते धावायचा. अपुया त्यांच्या मागे राहून बचावपटूंकडून चेंडू घेऊन गर्रकन वळायचा. त्यांच्या जागी जॉन टोराल आणि ब्रँडन फर्नांडिस आले. मागच्या बाजूला योएल व्हॅन नीफ होताच. तिघेही चांगले खेळाडू आहेत, ब्रँडनचा पाय तर भारतातल्या सर्वोत्तम पास देणाऱ्यांपैकी आहे. पण माझ्या मते तिघांचंही बळ पास देण्यात आहे. संघाने पास घेणारे गमावले आणि त्यांच्या बदली पास देणारे आणले. त्या मोसमाचा अंतिम सामना मोहन बागान आणि बंगळुरू यांच्यातच झाला, आणि बंगळुरूने बाद फेरीत मुंबईवर केलेल्या पाच गोलांपैकी एक दियाझचा होता, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. स्ट्युअर्ट गेल्यानंतरच तर मुंबईने 4 मे 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बागानला 3-1 हरवून चषक जिंकला, तोही प्रशिक्षक पेत्र क्रात्की यांच्याच हाताखाली. मग पास घेणारा गेल्याने संघ मोडतो कसा? मला वाटतं, हा सामना याच मुद्द्याची बाजू भक्कम करतो. एक गेला तेव्हा तिघे शिल्लक होते, आणि त्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल दियाझनेच केला. प्रशिक्षक तोच, शैली तीच. मोसम बदलताच ते तिघेही गेले आणि गोल आटले. एकाची उणीव संघ भरून काढतो, सगळ्यांची नाही. शैलीला दोष द्यायचा, तर त्याच शैलीने वर्षभर आधी चषक कसा आणला, हेही सांगावं लागेल.

दुसरा आक्षेप जुना आहे: एवढे पास कशाला, चेंडू सरळ पुढे उडवा. त्याला आधारही दिला जातो. इंग्लंडच्या चार्ल्स रीप यांनी अनेक वर्षं सामन्यांची नोंद हाताने ठेवली आणि बेंजामिन यांच्यासह 1968 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात, असं त्यात निघालं, आणि लांब चेंडू मारणाऱ्यांना शास्त्राचा दाखला मिळाला. पण त्याच नोंदींत दुसरी गोष्ट होती. दहांपैकी नऊहून अधिक चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या. म्हणजे नव्वदहून अधिक टक्के चालींतून ऐंशी टक्के गोल, आणि उरलेल्या दहा टक्क्यांहून कमी चालींतून तब्बल वीस टक्के. लांबलेली चाल दुर्मीळ होती, पण तीच अधिक फळत होती. 2005 मध्ये ह्यूज आणि फ्रँक्स यांनी विश्वचषकांच्या आकड्यांवरून हेच दाखवलं. तेव्हा तोडगा पास कमी करण्यात नाही. चौथा, पाचवा पास बचावपटूंच्या पाठीशी पोहोचेल अशा जागी माणूस असण्यात आहे.

पैशाचा मुद्दा राहतो. खेळाडू मोठा पगार मिळेल तिकडे जाणार, क्लब तरी काय करणार, असं म्हणतात. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने मुंबई सिटीत 65 टक्के हिस्सा घेतला होता, त्यामुळे 2024 मध्ये तिथे हा युक्तिवाद फार ताणता येत नव्हता. पण पैशाआड खरी अडचण वेगळी आहे. लीगच्या नियमाने मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू असू शकतात आणि बहुतेक क्लब त्यातले दोन-तीन याच मधल्या पट्ट्यात आणि आघाडीला खर्च करतात. त्यामुळे भारतीय मुलं शिकतात ती बाजूने धावायला, बचाव करायला, फार तर मागून पास द्यायला. गर्दीत पाठीवर माणूस घेऊन चेंडू स्वीकारण्याची सवय त्यांना सामन्यांत लागतच नाही. स्ट्युअर्ट किंवा नोगेराची जागा परदेशातून पुन्हा भरता येते. अपुयासारखा दबावाखाली चेंडू घेऊन वळणारा भारतीय मात्र बाजारात सहज मिळत नाही, आणि त्या उन्हाळ्यातलं मुंबईचं सर्वांत महागडं नुकसान मी त्याचंच धरतो.

(पुढील लेखांक : बाजूचा बॅक मध्यभागी का येतो?)