नसलेले शहर दाखवणारा वाटाड्या

लिस्बनमधील खाजगी पायी फेरी साधारण तीन तासांची असते. अंतर चारेक किलोमीटरच भरते, पण चढ-उतारामुळे ते सहासारखे वाटते. गाइड एका कुटुंबापुरता किंवा पाच-सहा जणांच्या गटापुरता ठरवला जातो आणि पैसे डोईमागे न मोजता फेरीमागे मोजले जातात. माणसे दोन आली काय नि सहा आली काय, रक्कम तीच. रोसियो चौकातून निघायचे, सपाटीवरच्या बाइशा पेठेतून तेजो नदीच्या काठाशी यायचे आणि आल्फामाच्या गल्ल्यांतून साँ जॉर्जच्या किल्ल्यावर चढायचे, ही वहिवाटीची वाट. तिच्यावर छत्री उंचावून तांडेच्या तांडे नेणारे गाइड भेटतात, तसे ‘फुकट फेरी’वालेही भेटतात. या दुसऱ्यांची कमाई अखेरीस मिळणाऱ्या बक्षिसीवर असल्यामुळे गोष्ट रंगवून सांगणे त्यांना भागच पडते. खाजगी गाइडचे कसब वेगळे. आलेल्या माणसाला कशात रस आहे हे त्याला पहिल्या पंधरा मिनिटांत ताडावे लागते आणि वाट त्याप्रमाणे वळवावी लागते.

वाटाड्याला इटालियन भाषेत ‘चिचेरोने’ म्हणतात. हा शब्द रोमन वक्ता सिसेरोच्या नावावरून आला आहे, म्हणजे या पेशाची ख्याती मुळात बोलघेवडेपणाचीच. त्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. ऑस्ट्रियात आणि इटलीत परवान्याशिवाय गाइडचे काम करता येत नाही. २००८ च्या युरोपीय मानकाने गाइडच्या शिक्षणासाठी किमान ६०० तासिका सांगितल्या असून त्यांचा मोठा भाग प्रत्यक्ष रस्त्यावरच्या सरावाचा आहे. पोर्तुगालने मात्र २०११ मध्ये या पेशावरचे निर्बंध उठवले. त्यामुळे लिस्बनमध्ये परवान्यावरून गाइड पारखता येत नाही. त्याला काय ठाऊक आहे आणि दंतकथा तो दंतकथा म्हणून सांगतो का, यावरूनच पारखावा लागतो.

ही पारख लिस्बनमध्ये विशेष महत्त्वाची ठरते, कारण इथे दाखवण्याजोगे जे आहे त्यातले निम्मेअधिक आज जागेवर नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि कित्येक दिवस धुमसलेल्या आगीने मधले शहर पुसून टाकले. रोममध्ये गाइड उभ्या भिंतीकडे बोट दाखवतो. लिस्बनमध्ये त्याला बऱ्याचदा मोकळ्या जागेकडे बोट दाखवून बोलावे लागते.

रोसियोच्या फरसबंदीवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. हे काम १८४८-४९ मध्ये किल्ल्यावरच्या कैद्यांकडून करवून घेतले गेले. दगड हाताने फोडून, मूठभर आकाराचे करून, एकेक ठोकून बसवलेले असतात. अशीच फरसबंदी पुढे शहरभर पसरली. पांढरा चुनखडीचा दगड पायांनी घासून आरशासारखा होतो आणि पावसाच्या चार थेंबांत भल्याभल्यांना आडवे करतो. रबरी तळव्याचे बूट घाला, ही प्रत्येक गाइडची पहिली सूचना असते.

चौकाच्या उत्तरेचे राष्ट्रीय नाट्यगृह १८४६ चे आहे. त्याआधी त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. शेजारच्या साँ दोमिंगो चर्चमधून एप्रिल १५०६ मध्ये सुरू झालेल्या दंगलीत, नऊच वर्षांपूर्वी सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची तीन दिवस कत्तल झाली. समकालीन नोंदी मृतांचा आकडा दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत देतात. चर्चसमोर २००८ मध्ये एक लहान स्मारकशिला बसवली गेली. गाइड थांबला नाही तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही. चर्चच्या आतल्या खांबांचे दगड १९५९ च्या आगीत तडकले होते. डागडुजी करताना ते मुद्दाम तसेच ठेवले. ज्यू कुळात जन्मलेला गार्सिया द ओर्ता याच लिस्बनमध्ये शिकवत होता. १५३४ मध्ये तो गोव्याला गेला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने आले आणि हिंदुस्थानातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीला इन्क्विझिशनने गोव्यात जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. हा धागा माहीत असलेला गाइड भारतीय पाहुण्यांना या चौकात अर्धा तास थांबवतो.

चौकावरच्या टेकडीवरचे कार्मो चर्च छपराविना उभे आहे. १७५५ मध्ये कोसळल्यावर त्याच्या गॉथिक कमानी पुन्हा झाकल्याच नाहीत. आकाशाखालच्या त्या सांगाड्यात १८६४ पासून पुरातत्त्व संग्रहालय आहे. समोरच्या छोट्या चौकातील सशस्त्र दलाच्या ठाण्याला २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत कॅप्टन साल्गैरो मायाच्या तुकडीने वेढा घातला आणि आत आश्रय घेतलेले पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांनी जनरल स्पिनोलांच्या हाती सत्ता दिली. बहुतेक गाइड बंदुकांच्या नळ्यांत खोवलेल्या कार्नेशनच्या फुलांवर गोष्ट संपवतात. गोमंतकीयांसाठी तिला आणखी एक शेपूट आहे. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये.

कार्मोवरून उतरले की बाइशा लागते आणि इथे सावकाश चालावे. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या उंचीच्या, सारख्या खिडक्यांच्या इमारती. प्रथमदर्शनी हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण फेरीतला सर्वांत नवलाचा भाग हाच आहे. भूकंप झाला तेव्हा सर्व संतांच्या सणाची सकाळ होती. चर्चे माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्यांनी उजळलेली. आगी त्यातूनही भडकल्या. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठाकडे धावले आणि थोड्याच वेळात तिथेच लाटा आल्या. मृतांच्या आकड्यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. दहा हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंतचे अंदाज आढळतात. एकच आकडा छातीठोकपणे सांगणारा गाइड बाकीच्या बाबतीतही जरा जपूनच ऐकावा.

मृतांना पुरा आणि जिवंतांना जेवू घाला, हा सल्ला राजा जुझे पहिला याला त्याचा मंत्री कार्व्हाल्यो, म्हणजे पुढचा मार्किस द पोम्बाल, याने दिला असे फेऱ्यांमधून हमखास सांगितले जाते. काही जण तेच श्रेय मार्किस द अलोर्नाला देतात. हा अलोर्ना १७४४ ते १७५० गोव्याचा व्हाइसरॉय होता. त्याच्या किताबातले ‘अलोर्ना’ म्हणजे पेडण्यातले हळर्ण. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो किल्ला घेतल्याबद्दल मिळालेला हा मान. वाक्य कोणाचे हे ठरवणे अवघड. हळर्णचे नाव लिस्बनच्या सर्वांत प्रसिद्ध आख्यायिकेत शिरले आहे, एवढे मात्र खरे.

पुनर्बांधणीचा आराखडा प्रमुख लष्करी अभियंता मानुएल दा माया याने मांडला. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. जुने शहर होते तसे बांधण्यापासून ते सोडून दुसरीकडे नवे वसवण्यापर्यंत पाच पर्याय त्याने ठेवले. खालचा भाग साफ करून नव्याने आखायचे ठरले आणि युजेनियो दुश सांतुश व कार्लोस मार्देल यांनी तो आखला. इमारतींच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा घातला. उभ्या-आडव्या तुळया आणि त्यांच्यामध्ये तिरक्या फुल्या, अशा या रचनेला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. दगडी बांधकाम ढासळले तरी पिंजरा हलून-डुलून उभा राहावा, ही कल्पना. नमुना तपासण्यासाठी त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावले, असे सांगतात. दारे, खिडक्या, कठडे ठरावीक मापात तयार करून आणले गेले. घराघरांमधल्या भिंती छपराच्या वर काढल्या, म्हणजे आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये.

पिंजरा भिंतीत दडलेला असल्याने तो रस्त्यावरून दिसत नाही. मात्र रुआ दुश कोर्रेइरुश, म्हणजे खोगीर करणाऱ्यांच्या गल्लीत, एका बँकेच्या इमारतीखाली तळघरात उतरता येते. तिथे रोमन काळातील मासे खारवण्याच्या दगडी टाक्या आहेत आणि त्यांच्याच शेजारी ओल्या जमिनीत ठोकलेल्या पोम्बालकालीन लाकडी खुंटांची टोके. वरची चार-पाच मजली पेठ अशा खुंटांवर उभी आहे. आसपासच्या गल्ल्यांना धंद्यांची नावे आहेत: सोनारांची, चांदीकामाची, चांभारांची, कापडवाल्यांची. पुण्या-कोल्हापुरातल्या माणसाला ही पद्धत नवी नाही. इथे फक्त ती सरकारी हुकुमाने लागू झाली.

पेठ संपते तिथे नदीवर उघडणारा प्रचंड चौक आहे. नकाशावर त्याचे नाव व्यापार चौक, पण लिस्बनकर अजून त्याला ‘तेरैरो दु पासो’, राजवाड्याचे पटांगण, म्हणतात. राजवाडा १७५५ मध्ये गेला. त्याच्यासोबत सुमारे ७० हजार ग्रंथांचे राजाचे ग्रंथालय, सहा-सात महिन्यांपूर्वीच उघडलेले ऑपेरागृह आणि पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणारे ‘काझा दा इंडिया’ हेही गेले. भूकंपाच्या वेळी राजा शहराबाहेर बेलेमला होता म्हणून वाचला. त्यानंतर त्याने दगडी छताचा धसकाच घेतला आणि आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहू लागला. चौकातला त्याचा अश्वारूढ पुतळा १७७५ चा, माशादो द कास्त्रोने केलेला. चौथऱ्याच्या एका अंगाला घोडा आहे, दुसऱ्या अंगाला हत्ती. समोरच्या बाजूला पोम्बालचे कांस्यपदक होते. १७७७ मध्ये राजा वारला, पोम्बालची सद्दी संपली, तसे ते काढले गेले आणि १८३३ मध्ये परत बसवले गेले.

इथून पूर्वेला वळल्यावर हिऱ्यासारखे कोरलेले टोकदार दगड दर्शनी भिंतीत बसवलेला काझा दुश बीकुश हा वाडा येतो. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलाने तो १५२३ मध्ये बांधला. वरचे दोन मजले भूकंपात पडले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आज तिथे साहित्यिक जुझे सारामागोच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्ह झाडाखाली त्याची रक्षा आहे. हापूस हे नाव आल्बुकर्कच्या ‘अफोन्सो’पासून आल्याचे परंपरा सांगते. कॅथेड्रलच्या खालच्या अंगाला ‘रुआ दा पादारिया’ नावाची पाटी आहे. पादारिया म्हणजे बेकरी, ‘पाँव’ म्हणजे पाव, आणि पाव भाजणारा ‘पादेइरो’ हा गोव्यातल्या पोदेराचा पूर्वज. दुकानांच्या पाट्यांवर याच जातीचे आणखी शब्द सापडतात: बताता, कोव्ह, शाव्ह, लेइलाँव, नाताल. बटाटा, कोबी, चावी, लिलाव, नाताळ. मराठी माणसासाठी फेरीतला हा सर्वांत हसरा टप्पा असतो. इंग्रजी बोलणाऱ्या गाइडला मात्र त्याची कल्पना नसते, म्हणून तो पाहुण्यानेच घडवून आणावा लागतो.

आल्फामाच्या पायथ्याशी ‘शाफारिज देल रे’ हा राजाचा पाणवठा आहे. सोळाव्या शतकात शहराच्या कारभाऱ्यांनी त्याच्या तोट्या वाटून दिल्या: गुलामांनी अमक्या तोटीवर भरायचे, गोऱ्या पुरुषांनी तमक्या, बायकांनी आणखी वेगळ्या. युरोपीय पाहुण्यांना हा नियम समजावताना गाइडला बरेच बोलावे लागते. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना एक वाक्य पुरते.

आल्फामा हे नाव अरबी आहे, ‘अल-हम्मा’, गरम पाण्याचे झरे. खालची मऊ, भरावाची जमीन हादरली तेव्हा ही वस्ती टेकडीच्या खडकावर असल्याने बरीचशी टिकली. त्यामुळे भूकंपापूर्वीच्या गल्ल्यांची वळणे इथेच पाहायला मिळतात: हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत अशी बोळे, दोरीवर वाळणारे कपडे, दारातल्या स्टुलावर बसलेल्या आजीबाई. घोळक्यांमुळे आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांमुळे मूळ रहिवासी इथून हलू लागले आहेत. चांगला गाइड इथे आवाज खाली आणतो. कॅथेड्रल ११४७ नंतरचे. त्या वर्षी राजा अफोन्सो हेन्रिकेशने धर्मयोद्ध्यांच्या मदतीने अरबांकडून शहर घेतले आणि मशिदीच्या जागी चर्च उभारले. मागच्या ओवऱ्यांच्या उत्खननात इस्लामी आणि रोमन काळाचे थर एकाखाली एक निघाले.

सांता लुझियाच्या सज्ज्यावर पोहोचले की सगळे जण नदीकडे तोंड करून फोटो काढतात. पाहण्यासारखी गोष्ट पाठीमागे असते. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे चित्र आहे, भूकंपाआधीच्या तेरैरो दु पासोचे. मघाशी मोकळा पाहिलेला चौक इथे राजवाडा, मनोरा आणि जहाजांसह भरलेला दिसतो. संपूर्ण जुने शहर पाहायचे तर टाइल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावे लागते. तिथे साधारण १७०० च्या सुमाराचे, २३ मीटर लांबीचे लिस्बनचे दृश्य आहे.

फेरी किल्ल्यावर संपते. किल्ल्याच्या एका बुरुजात चौदाव्या शतकापासून राज्याचे दप्तर होते. ‘तोंबो’ म्हणजे राजाच्या मिळकतींची नोंदवही, म्हणून तो ‘तोर्रे दु तोंबो’. १७५५ मध्ये बुरुज कोसळला. दप्तराचा रक्षक तोच मानुएल दा माया होता. त्याने ढिगाऱ्यातून कागद उपसून आवारातल्या लाकडी खोपटात ठेवले. दोन वर्षांनी ते साँ बेंतोच्या मठात हलले आणि १९९० मध्ये विद्यापीठ परिसरातल्या नव्या इमारतीत. पावसाळी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रव्यवहाराच्या ‘मान्सून बुकां’चे काही खंड आज तिथे आहेत, उरलेले पणजीत. किल्ल्यावरून तिथे पायी जाता येत नाही. मेट्रो घ्यावी लागते. दप्तराच्या त्या जुन्या बुरुजात आता आरसा आणि भिंगांची योजना केली आहे. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या तबकावर बाहेरचे शहर हलते दिसते: बाइशाचे सरळ रस्ते, चौक आणि नदीवरच्या बोटी.