गावाचा संघ आणि त्याचे पाठीराखे

फुटबॉल हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. सोनई हे उसाचे, सहकाराचे आणि शिक्षणसंस्थांचे गाव. येथे मैदानी खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट हेच प्रथम डोळ्यांपुढे येतात. परंतु मला खेळाचे नियम किंवा डावपेच सांगावयाचे नाहीत. माणूस आपल्या गावाशी कोणत्या धाग्याने बांधलेला असतो, तो धागा कशाने घट्ट होतो आणि कशाने तुटतो, एवढेच पाहावयाचे आहे. आणि ते पाहण्यास फुटबॉलच्या संघाइतके उघड उदाहरण क्वचितच सापडते. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांनाही हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम शब्दांचा विचार करू. मैदानावर जाऊन खेळ पाहतो तो प्रेक्षक. त्याचा संबंध तिकिटापुरता. खेळ चांगला झाला तर तो खूष, वाईट झाला तर पैसे वाया गेले म्हणून नाराज. एखाद्या खेळाडूच्या कौशल्यावर लुब्ध होतो तो चाहता. खेळाडूने संघ बदलला की चाहताही त्याच्यामागून जातो. मात्र आपल्या भाषेत तिसरा एक शब्द आहे, तो म्हणजे पाठीराखा. पाठ राखणे हे काम आहे, करमणूक नव्हे. संघ हरत असताना, चिखलात लोळत असताना, खालच्या गटात ढकलला गेला असतानाही जो तेथेच उभा राहतो, तो पाठीराखा. तो संघाविषयी बोलताना ‘ते हरले’ असे म्हणत नाही. ‘आपण हरलो’ असे म्हणतो. हा ‘आपण’ कोठून येतो, हाच आपला विषय आहे.

या खेळाचे आजचे नियम इंग्लंडात १८६३ साली बांधले गेले. पण संघ जन्मले ते गिरण्यांच्या, कारखान्यांच्या आणि चर्चच्या आवारात. शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली, तेव्हा कामगारांनी आपापल्या वस्तीत संघ काढले. आज जगभर ज्याचे नाव गाजते तो मँचेस्टर युनायटेड हा १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या कामगारांनी काढलेला संघ होय. लंडनचा आर्सेनल १८८६ साली वुलिच येथील दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांनी उभा केला. म्हणजे जे संघ आज कोट्यवधींची उलाढाल करतात, ते मुळात एका मोहल्ल्याचे होते. खेडी सोडून शहरात आलेल्या माणसाला नव्या वस्तीत ‘आपले’ म्हणावयास काहीतरी हवे होते. ते त्याला या संघांनी दिले.

आपल्याकडे हा खेळ आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. सिमल्याला १८८८ साली ड्युरँड चषक आणि मुंबईला १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला, तो मुख्यतः लष्करी संघांसाठी. पण लवकरच देशी माणसांनी तो आपलासा केला. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलने पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्यांचा एक खेळाडू सोडला तर सारे अनवाणी खेळले होते. पुढे १९२० साली ईस्ट बंगाल हा संघ निघाला आणि फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचे तो मोठे आधारस्थान झाला. घरदार, शेतीवाडी पलीकडे राहिली. गावाचे नाव तेवढे संघाच्या रूपाने अलीकडे आले. गाव गेले तरी संघ राहू शकतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात या नात्याचे सर्वांत ठळक रूप पाहावयाचे असेल तर कोल्हापूरला जावे. कुस्ती ही कोल्हापूरची ओळख; राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, तिला राजाश्रय मिळाला आणि पेठापेठांतून तालमी गजबजल्या. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौद नव्हे. पेठेतील तरुणांनी एकत्र जमण्याची, गणपती बसविण्याची, संकटात एकमेकांच्या घरी धावून जाण्याची ती जागा. फुटबॉल कोल्हापुरात रुजला तो या तालमींच्या अंगणात. म्हणूनच तेथील संघांची नावे पाहिली की नवख्या माणसाला नवल वाटते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. ही नावे फुटबॉलच्या क्लबांची वाटतच नाहीत, आणि त्यांतच सारे मर्म आहे. संघ आधी आणि पाठीराखे मागाहून, असे येथे झाले नाही. मंडळी आधीच एकत्र होती. त्यांनी आपल्यातील पोरे मैदानात उतरविली.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात असे पंधरा-सोळा संघ दर हंगामात खेळतात. सामने होतात ते शहराच्या ऐन मध्यभागी, शाहू स्टेडियमवर. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कामावरून सुटलेला माणूस सायकल किंवा मोटारसायकल थेट मैदानाकडे वळवितो. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच पायरीवर बसलेले दिसतात. मैदानात धावणारा पोरगा त्यांना नावाने, घराने ठाऊक असतो. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा साऱ्या कोल्हापुराला आपल्याच घरातला मुलगा खेळतो आहे असे वाटले.

या नात्याची कारणे आता वेगळी काढता येतील. पहिले कारण ओळख: खेळणारा आणि पाहणारा यांच्यात भिंत नाही. दुसरे वारसा: संघ निवडावा लागत नाही, तो आडनावासारखा जन्माने मिळतो. तिसरे शेजारचा प्रतिस्पर्धी: हरलो तर उद्या सकाळी दूध आणावयास जाताना समोरच्या पेठेतला माणूस भेटणारच आहे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे वर्गणी. ज्याने दहा रुपये दिले, ज्याने बूट आणून दिले, ज्याने पाण्याचे पिंप वाहून नेले, त्याचा त्या संघावर हक्क जडतो. माणूस ज्याच्यासाठी झिजतो, त्याच्यावर प्रेम करतो; उलट क्रमाने हे क्वचित घडते.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा एका उद्योगसमूहाचा संघ. स्थापना १९६२ ची. २००५-०६ साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. आणि २०१० साली तो बंद करण्यात आला. पुण्यात २००७ साली पुणे एफ. सी. निघाला. राष्ट्रीय पातळीवर त्याने दुसरे स्थानही मिळविले, पण दहा वर्षेही तो टिकला नाही. पुण्याच्याच शिवाजियन्स या जुन्या संघाला एका बांधकाम व्यावसायिकाचा आश्रय मिळून तो आय-लीगमध्ये पोहोचला. २०१७ साली त्या लीगमधून तो बाहेर पडला. एफ. सी. पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला संपला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. या संघांकडे पैसा होता, परदेशी प्रशिक्षक होते, उत्तम मैदान होते. त्यांना मनापासून मानणारे तरुणही होते, आणि संघ गेल्याचे दुःख त्यांना खरोखरच झाले. पण संघ ठेवावा की मोडावा, हे विचारावयास त्यांच्याकडे कोणी आले नाही. कोल्हापूरच्या तालमींकडे यातले फारसे काही नव्हते. त्या मात्र आहेत. कारण ताळेबंदात तोटा दिसला म्हणून कोणी पेठ बंद करीत नाही.

संघ परक्याच्या हाती गेला तर पाठीराख्याने काय करावे? या प्रश्नाला लंडनच्या विम्बल्डन येथील लोकांनी दिलेले उत्तर मोठे बोधप्रद आहे. तेथील लहानशा संघाने १९८८ साली बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक जिंकला होता. पुढे मालकांनी तो संघ सुमारे नव्वद किलोमीटरवरील मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्याचे ठरविले आणि २००२ च्या मे महिन्यात त्याला परवानगीही मिळाली. तेव्हा पाठीराख्यांनी रडत न बसता, गावच्या माळावर खेळाडूंची चाचणी घेऊन काही आठवड्यांत स्वतःचा नवा संघ उभा केला. अगदी तळच्या गटातून सुरुवात केली. नऊ वर्षांनी, २०११ साली, तो व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला. आणि २०२० साली जुन्या मैदानाजवळच, प्लाऊ लेन या रस्त्यावर, स्वतःच्या नव्या मैदानात परतला. मालकाने खेळाडू नेले, नोंदणी नेली. गाव मात्र त्याला नेता आले नाही.

आपल्या जिल्ह्यातील लोकांना हे सारे समजण्यास अवघड नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला ऊस विकणारा न ठेवता मालक केले. आपल्या सोनईचा मुळा कारखानाही त्याच विचाराचा. एक सभासद, एक मत हे त्याचे सूत्र. स्पेनमधील बार्सिलोना हा १८९९ साली स्थापन झालेला जगप्रसिद्ध क्लब याच तत्त्वावर चालतो. त्याचे लाखाहून अधिक सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. जर्मनीत तर काही अपवाद वगळता असा नियमच आहे की, क्लबातील निम्म्याहून एक मत तरी अधिक सभासदांच्या हाती राहिले पाहिजे. सहकारातले गुण तेथे आहेत, तसे दोषही आहेत. गटबाजी आहे, निवडणुकीतली भांडणे आहेत. तरीही सभासदांना न विचारता संघ दुसऱ्या गावी नेणे तेथे शक्य नाही.

परंतु या नात्याची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक प्राणास मुकले. कोल्हापुरातही काही हंगामांत सामन्यानंतर हाणामाऱ्या आणि दगडफेक झाली, पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागला. ‘आपला’ हा शब्द उच्चारताच ‘परका’ हा शब्द आपोआप तयार होतो, आणि तेथेच धोका आहे. खरे पाहता प्रतिस्पर्ध्याशिवाय सामना होत नाही. आपल्या हगाम्यात जोड लावताना तोलामोलाचा मल्ल बाहेरगावाहून मानाने बोलावतात, त्याला इनाम देतात, फेटा बांधतात. जिंकणाऱ्या परगावच्या मल्लालाही टाळ्या मिळतात. ही रीत जुनी आहे आणि ती फुटबॉलच्या पाठीराख्याने उचलण्यासारखी आहे. पाठ राखावी ती आपल्या माणसाची. दुसऱ्याची फोडावी असा त्याचा अर्थ नव्हे.

राहता राहिला आजच्या मुलांचा प्रश्न. गावोगावी मुलांच्या अंगावर मेस्सीचे किंवा रोनाल्डोचे नाव असलेला सदरा दिसतो. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांतसुद्धा ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे फडकतात. यात वाईट काही नाही. उत्तम खेळ कोठलाही असो, त्याने आनंद व्हावा. पण एक भेद मुलांना समजावून द्यावा. बार्सिलोनाला आपली गरज नाही; आपण दूरदर्शन संच बंद केला तरी तेथला सामना थांबत नाही. गावातल्या शाळेच्या संघाचे तसे नाही. कडेला पाच माणसे उभी आहेत की पन्नास, याने त्या पोरांच्या पायांत फरक पडतो. कोल्हापूरचा माणूस ब्राझीलचा झेंडा लावतो तो आपल्या तालमीच्या इमारतीवर. त्याची खालची जागा पक्की आहे. झेंडा आहे आणि खाली तालीमच नाही, अशी स्थिती येऊ नये.

यासाठी फार खर्च लागत नाही. वर्षभर मोकळे राहील असे एक मैदान. घोडेगाव, राहुरी, नेवासे, शेवगाव यांपैकी कोणाशी तरी दरवर्षी ठरल्या दिवशी होणारा एक सामना. वर्गणीची एक वही, जिचा हिशेब चावडीवर वाचून दाखविला जाईल. आणि हरलो तरी पुढच्या वर्षी येणारी माणसे. खेळ फुटबॉलच हवा असेही नाही. कबड्डी, खो-खो चालेल. मुलींचा संघ असेल तर उत्तमच. सामन्याची तारीख पंचवीस वर्षे चुकली नाही, तर तिच्याभोवती आठवणी जमतात, आठवणींतून वारसा होतो आणि शिक्षणानोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेला सोनईकर त्या दिवशी गावची गाडी धरतो. गावाची जत्रा देवाच्या नावाने भरते आणि माणसांच्या येण्याने टिकते. गावाच्या संघाचेही तसेच आहे.